अंगणातलं लिंबू का वाळतं? पाणी, निचरा आणि वाफसा

आज आपण अगदी घरगुती झाडाबद्दल बोलणार आहोत, ते म्हणजे कागदी लिंबू. बंगल्याच्या मागच्या बाजूला, गावाकडच्या परसात, सोसायटीच्या कुंपणाला लागून एखादं तरी लिंबू असतंच. विषय पाण्याचा आहे, हे तुम्ही शीर्षकात वाचलंच असेल. पण पाणी द्यायचं कसं, हा अर्धाच प्रश्न आहे. दिलेलं पाणी पुढे जातं कुठे, हा उरलेला अर्धा. आणि बहुतेक झाडं या दुसऱ्या अर्ध्यात मरतात.

लोक आम्हाला विचारतात तो प्रश्न साधारण असा असतो: "झाड चार-पाच वर्षांचं झालं, लिंबं लागायला लागली, आणि एका पावसाळ्यानंतर शेंड्याकडून वाळायला लागलं. पाणी तर आम्ही रोज घालतो." या प्रश्नाचं शेवटचं वाक्य नीट ऐका. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

मुळांनाही श्वास लागतो

चांगल्या मातीचा एक घनफूट तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्यातला साधारण निम्मा भाग घन असतो, म्हणजे मातीचे कण आणि थोडा सेंद्रिय अंश. उरलेला निम्मा भाग पोकळ्यांचा. या पोकळ्यांपैकी निम्म्यांत पाणी आणि निम्म्यांत हवा असली, तर मुळं खुशीत असतात. आपल्याकडच्या शेतकऱ्यानं या अवस्थेला फार सुंदर शब्द दिला आहे: वाफसा. ओल आहे, पण चिखल नाही. पाणी आहे आणि हवाही आहे.

आता त्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या तर काय होतं? मुळांच्या पेशी जिवंत असतात, त्यांना प्राणवायू लागतो. तो हवेतून जितक्या वेगानं सरकतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून सरकतो. म्हणजे माती पाण्यानं भरली की वरून येणारा प्राणवायू जवळजवळ थांबतोच. आत जो काही शिल्लक असतो तो मुळं आणि मातीतले जिवाणू वापरून टाकतात. माती जितकी गरम, तितकं हे लवकर होतं. थंडीत साचलेलं पाणी झाड थोडं सोसतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उबदार मातीत तेच पाणी एक-दोन दिवसांत मुळांचा श्वास कोंडतं.

श्वास कोंडला की मूळ काम थांबवतं. पाणी आत घेणारे मुळांच्या पेशींचे दरवाजे बंद होतात. आणि मग एक विचित्र दृश्य दिसतं: झाड पाण्यात उभं आहे आणि पानं तहानल्यासारखी मलूल झाली आहेत. पान बघून आपण म्हणतो, पाणी कमी पडलं वाटतं. आणखी एक बादली ओततो. बुडणाऱ्याला आपण पाणी पाजत असतो.

मग ओळखायचं कसं? पानावर निर्णय घेऊ नका, मातीवर घ्या. खुरप्यानं वीतभर खोल उकरा आणि तिथली मूठभर माती दाबून लाडू करा. लाडू होतच नसेल तर माती कोरडी आहे, पाणी द्या. लाडू झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, काही करू नका. लाडू खाली पडून चपटा झाला, बोटांना चिकटला, आणि मातीला गटारासारखा वास आला, तर झाड गुदमरतं आहे.

झाडाकडेही एक खूण असते. खतं कमी पडली तर जुनी पानं सगळीच फिकट होतात. लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. मुळं किंवा बुंधा बिघडला असेल तर पुष्कळदा उलट दिसतं: पानाची मधली शीर आधी पिवळी पडते. असं पान दिसलं की खताच्या पिशवीकडे जाऊ नका, मुळाकडे जा.

सगळी फळझाडं इथे सारखी नसतात. पेरू थोडा चिखल सोसतो. लिंबू, संत्रा, मोसंबी फारसा सोसत नाहीत. आणि हिमाचल-पंजाबकडे होणारा पीच तर अजिबात सोसत नाही. त्याच्या मुळांत प्रुनासिन नावाचं एक द्रव्य असतं. प्राणवायू संपला की ते मोडतं आणि त्यातून सायनाइड सुटतं, म्हणजे स्वतःच्याच विषानं मूळ मरतं. लिंबाच्या मुळात असं विष नाही, पण त्याचा शत्रू मातीत वाट बघत असतो. त्याच्याकडे आपण थोड्या वेळानं येऊ.

काळ्या मातीचा स्वभाव

कोकणात जांभ्यावर लिंबू लावणाऱ्याला हा सगळा त्रास कमी असतो. तिथे पाणी झपाट्यानं खाली जातं. उलट ते टिकवायचं कसं, ही चिंता असते. आजचं बोलणं मुख्यतः विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या काळ्या मातीबद्दल आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती विशेष प्रकारची आहे: पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी या भेगांतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं, काय छान निचरा आहे! दोन-चार पावसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच माती पाणी आत घ्यायला तयार नसते. मे महिन्यात खड्डा बघून निचऱ्याचा अंदाज केला, तर तो जुलैत खोटा ठरतो तो यामुळे.

घराच्या आवारात आणखी दोन अडचणी असतात. बांधकामाच्या वेळी तिथे ट्रक आणि जेसीबी फिरलेले असतात, त्यामुळे वरचा फूटभर थर सोडला तर खाली माती फरशीसारखी दबलेली असते. दुसरं म्हणजे पुरलेला राडारोडा. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अधिक विम्लधर्मी होते. काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते, त्यात ही भर. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, आणि माती सतत ओली राहिली तर ही अडचण आणखी वाढते.

लावण्याआधी: खड्डा की हौद?

एक साधी परीक्षा आहे, तिला एक पहार आणि एक पट्टी पुरते. जिथे झाड लावायचं आहे तिथे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि दीड ते दोन फूट खोल खड्डा घ्या. तो पाण्यानं भरा आणि जिरू द्या. पहिल्या वेळचं पाणी मोजू नका, कारण कोरडी माती ते शोषून घेते. दुसऱ्यांदा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते बघा. तासाला अडीच ते पाच सेंटीमीटर उतरली तर ठीक. त्याहून कमी उतरली तर जागा अवघड आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर त्या खड्ड्यात झाड लावूच नका. ही परीक्षा पावसाळ्यात, माती फुगलेली असताना केली तर उत्तर जास्त खरं येतं.

अशा वेळी बहुतेकजण काय करतात? मोठा खड्डा खणतात, आतली काळी माती फेकून देतात, तळाला विटांचे तुकडे घालतात आणि वर मुरूम, वाळू, शेणखत यांचं छान भुसभुशीत मिश्रण भरतात. दिसायला उत्तम. पण विचार करा, भुसभुशीत मिश्रणात पाणी भराभर उतरणार आणि चारही बाजूंना, तळालाही, चिकण काळी माती. म्हणजे आपण खड्डा केला नाही, हौद बांधला. आजूबाजूच्या अंगणाचं पावसाचं पाणीही त्याच हौदात येऊन साचणार आणि आपलं झाड त्यात उभं असणार.

म्हणून काळ्या मातीत नियम उलटा आहे: झाड खाली नको, वर हवं. एका लिंबासाठी दीड फूट उंच आणि वर निदान पाच-सहा फूट रुंद असा मातीचा उंचवटा करा. बाजू उतरत्या ठेवा. त्याआधी मूळ जमिनीचा वरचा वीतभर थर टिकावानं मोकळा करा, म्हणजे वरची आणि खालची माती एकजीव होईल, मध्ये सांधा राहणार नाही. उंचवट्याची माती तिथलीच घ्या, तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, आणि रोप उंचवट्याच्या डोक्यावर लावा. शेतकरी ओळीनं गादीवाफे करतात, हे त्याचंच घरगुती रूप.

उंचवट्याच्या पायथ्याशी एक चर काढा. मीटरमागे एक सेंटीमीटर उतार पुरतो. पण चराला तोंड हवं. कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन थांबणारा चर म्हणजे लांबट डबकं. भिंतीला खाली भोक नसेल तर आधी ते पाडा.

डिंक्या आणि दोन रिंगा

आता त्या शत्रूकडे येऊ. त्याचं नाव फायटोप्थोरा. 'वनस्पतींचा नाश करणारा' असा या ग्रीक नावाचा अर्थ. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक नासवून दुष्काळ आणणारा रोग याच कुळातला. लिंबूवर्गीय झाडांत तो मूळकूज आणि डिंक्या करतो. बुंध्याची साल तडकते, तिच्यातून डिंक पाझरतो, साल आतून तपकिरी होते, आणि हा पट्टा बुंध्याभोवती फिरून पूर्ण झाला की झाड गेलं.

त्याची एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे उपाय आपोआप कळतील. त्याच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. साचलेलं पाणी हा त्यांचा रस्ता आहे. पाणी बुंध्याला लागून उभं राहिलं नाही, तर त्यांचा मोठा रस्ता बंद होतो.

आणि आपण अंगणात काय करतो? बुंध्याभोवती बशीसारखं आळं करतो आणि बुंध्यावरच पाइप सोडून देतो. झाडाची पाणी पिणारी मुळं बुंध्याशी नसतातच. ती फांद्यांच्या घेराखाली, बाहेरच्या बाजूला, वरच्या दीड-दोन फूट मातीत पसरलेली असतात. बुंध्याशी पाणी ओतून झाडाची तहान कमी आणि रोगाची सोय जास्त होते.

यावरचा उपाय म्हणजे दुहेरी आळं, ज्याला बागायतदार डबल रिंग म्हणतात. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर एक गोल वरंबा घाला. त्याच्या आत माती बुंध्याकडे चढती ठेवा, तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही. दुसरा वरंबा फांद्यांच्या घेराशी. पाणी फक्त या दोन वरंब्यांच्या मधल्या पट्ट्यात द्यायचं. झाड वाढेल तशा दोन्ही रिंगा बाहेर सरकवायच्या. आणि पावसाळा लागला की बाहेरचा वरंबा उतारच्या बाजूनं फोडायचा. ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. उन्हाळ्यात उपयोगी असणारं आळं पावसाळ्यात सापळा होतं.

कलम विकत घेतलं असेल तर डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाचा सांधा, जमिनीपासून निदान वीतभर वर ठेवा. एकोणिसाव्या शतकात डिंक्यानं युरोपातल्या लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी आंबट नारिंगाच्या खुंटावर कलमं करायला सुरुवात केली, कारण तो खुंट या रोगाला दाद देत नव्हता. आपल्याकडे जंबेरी आणि रंगपूर लाइम हे खुंट चालतात, त्यांत मूळकुजीच्या बाबतीत रंगपूर जास्त सोशिक. पण सांधाच मातीत पुरला तर कुठलाही खुंट घेऊन उपयोग नाही. कागदी लिंबाची रोपं पुष्कळदा बियांपासून केलेली असतात, त्यांना सांधाच नसतो. अशा झाडाचा बुंधा तर अधिकच कोरडा ठेवायला हवा.

पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावतात. घरच्यापुरतं प्रमाण: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको. लोखंडी खिळा बुडवून बघा: त्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा. हातात मोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा.

किती पाणी?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. झाडाचा घेर, म्हणजे सावलीचा व्यास, तीन मीटर असेल तर सावली भरते सुमारे सात चौरस मीटर. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात दिवसाला साधारण पाच मिलिमीटर धरा, म्हणजे पस्तीस लिटर. डिसेंबरात दोन मिलिमीटर धरा, म्हणजे चौदा लिटर. दोन मीटर घेराचं लहान झाड असेल तर सावली फक्त तीन चौरस मीटर, आणि आकडे निम्म्याहून खाली येतात.

पण रोजचे पस्तीस लिटर रोज द्यायचे असं नाही. काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचं पाणी एकदम, सावकाश, दोन फुटांपर्यंत ओल जाईल असं द्यावं, आणि पुढचं पाणी लाडूची परीक्षा करूनच. रोज थोडं थोडं शिंपडलं तर वरचा थर कायम ओला, खालचा कोरडा, आणि मुळं वर येऊन बसतात. हलक्या, मुरमाड जमिनीत मात्र कमी पाणी, लवकर लवकर.

सावलीखाली वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला, पण बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी ठेवा. यात वाचणारं पाणी कमी मोलाचं नाही. संत्र्याच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात भूजलाचा उपसा एवढा झाला आहे की बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत. एकीकडे पाण्यावाचून वाळणारी झाडं आणि दुसरीकडे पाण्यानं सडणारी झाडं, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात दिसतं.

आणखी एक. लिंबाला फुलायला विश्रांती लागते. थंडी किंवा पाण्याचा ताण मिळाला की ते फुलावर येतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात. मध्यम ते भारी जमिनीत महिना-दीड महिना. पानं थोडी मलूल होऊन काही गळायला लागली की ताण पुरे. त्यानंतरचं पहिलं पाणी हलकं, मग हळूहळू वाढवायचं. एकदम भरपूर दिलं तर फुलं गळतात, आणि पुढे फळांवर असं झालं तर फळं तडकतात. बारा महिने रोज पाणी मिळणारं अंगणातलं लिंबू हिरवंगार राहतं आणि फळत नाही, त्याचं एक कारण हे.

बुडालेलं झाड वाचवायचं असेल तर

पाणी थांबवा, चर काढा, बुंध्याशी साठलेली माती मूळ फुटतात तिथपर्यंत हलक्या हातानं बाजूला करा आणि तो भाग उघडा राहू द्या. खत देऊ नका. आजारी मुळांना खताचा क्षार सोसत नाही. सुकलेल्या फांद्या छाटा, कारण कमी मुळांना कमी पानंच पोसता येतात. डिंक असेल तर तेवढी साल स्वच्छ चाकूनं खरवडून बोर्डो पेस्ट लावा. मग एखादं बारीक मूळ ओढून बघा. साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला तर ते मूळ मेलेलं. पांढरी टोकं दिसली तर आशा आहे. बुंध्याचा अर्ध्याहून अधिक घेर सडला असेल, तर झाड काढून टाकणं बरं. त्याच जागी, त्याच खड्ड्यात दुसरं लिंबू मात्र लावू नका.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*कुंडीत तळाला खडी घालावी का?*
नको. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भरल्याशिवाय ते खाली सुटत नाही. खडीमुळे ओला थर वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकं मोठी ठेवा, त्यावर एक जाळी पुरे, आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा.

*काळ्या मातीत वाळू मिसळली तर?*
थोडी वाळू उपयोगाची नाही. फरक पडायला माती निम्म्याहून जास्त बदलावी लागते. त्यापेक्षा दरवर्षी शेणखत आणि पाला घाला. माती परीक्षणात सोडियम जास्त निघाला तरच जिप्सम, आणि तेही सल्ला घेऊन. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

*कपडे धुतलेलं आणि आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का?*
दोन्ही नको. साबणाच्या पाण्यातला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, ते पोकळ्यांत बसतात आणि निचरा बंद होतो. आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार एकवटलेले असतात आणि लिंबू क्षाराला नाजूक आहे. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. एसीचं पाणीही चालेल.

*ठिबक लावलं की निचऱ्याची काळजी संपली ना?*
नाही. ठिबक उन्हाळ्यात पाणी वाचवतं, पावसाळ्यातलं पाणी बाहेर काढत नाही. आणि ड्रिपर बुंध्याला टेकलेला असेल, तर तो रोज बुंधा भिजवतो. तो फांद्यांच्या घेराकडे न्या, मोठ्या झाडाला चार तरी लावा.

आज एवढंच. घरी गेल्यावर पाइप हातात घेण्याआधी खुरपं घ्या, वीतभर उकरा आणि लाडू करून बघा. पावसाळा तोंडावर असेल तर आळ्याचा वरंबा कुठे फोडायचा, तेही आत्ताच ठरवून ठेवा.